गड राजाचा, घाव पाथरवटाचा!

एप्रिल १६५२. डच ईस्ट इंडिया कंपनीचा यान व्हॅन रीबेक आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला उतरला. बरोबर शिपाई, माळी, सुतार, गवंडी. काम एकच : जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना ताजी भाजी, मांस आणि पाणी पुरवायचं. या ठाण्याचं पुढे केपटाऊन झालं. तिकडे अटलांटिकपलीकडे मॅनहॅटन बेटावर न्यू ॲमस्टरडॅम हे दुसरं डच गाव बाळसं धरत होतं. आणि त्याच काळात इकडे गुंजवणी नदीच्या खोऱ्यात, गुंजवणे गावाच्या थेट डोक्यावर, मुरुंबदेवाच्या डोंगरावर छिन्नी-हातोड्याचा खणखणाट चालला होता. मुरुंबदेवाचा राजगड होत होता.

डच वसाहतीतला सुतार कंपनीशी करार करून, जहाजात बसून यायचा. या खोऱ्यातला, म्हणजे गुंजण मावळातला सुतार मात्र जन्मतःच गावाचा. त्याचं काम ठरलेलं, त्याचा वाटाही ठरलेला. राजगडाचा इतिहास आपण राजांच्या आणि लढायांच्या तारखांनी पाठ करतो. या खेपेला जरा खाली वाकून, तो गड ज्यांच्या हातांनी उभा राहिला आणि चालला त्या लोहार-सुतार-पाथरवटांच्या गमतीजमती पाहू.

१. धन लागलं पहारीला

१६४६-४७च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला. गडाची डागडुजी चालू असताना जमिनीत पुरलेलं धन सापडलं, आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर गड बांधायला कामी आलं, अशी बखरींची परंपरा. धन कोणाला सापडलं, असं विचारलं की आपण पटकन महाराजांचं नाव घेतो. पण खणत कोण होतं? कामाठी आणि बेलदार. राजगडाच्या भांडवलाला पहिला हात लागला तो पहार मारणाऱ्याचा. नावं मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

२. दहा हजार होनांची डागडुजी

बांधून झाला म्हणजे गड संपला असं नाही. शिवकाळातल्या १६७१-७२च्या सुमाराच्या एका जाबत्यात, म्हणजे सरकारी यादीत, गडांच्या इमारतकामासाठी पावणेदोन लाख होनांची तरतूद आहे. होन म्हणजे सोन्याचं नाणं. त्यात रायगडाला ५० हजार, राजगडाला १० हजार आणि तोरण्याला ५ हजार. राजधानी तेव्हा रायगडी हलत होती, तरीही जुन्या राजधानीच्या तटबंदीसाठी दहा हजार सोन्याची नाणी बाजूला काढली होती. हा पैसा शेवटी जायचा कुठे? गवंडी, पाथरवट, चुनेवाले, सुतार आणि डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बिगाऱ्यांकडे.

स्वराज्याच्या कारभारात 'बारा महाल, अठरा कारखाने' अशी विभागणी होती. त्या बारा महालांत 'इमारत' नावाचा स्वतंत्र महाल होता. आजच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा तो पणजोबाच म्हणा.

३. खड्डा एक, कामं दोन

डोंगरमाथ्यावर दगड वाहून नेणं म्हणजे कंबरडं मोडणारं काम. मग दगड आणायचा कुठून? तिथल्या तिथेच. गडावर पाण्याची टाकी खोदायची आणि निघालेला दगड तटाला लावायचा. एका खड्ड्यात पाणी साठलं, त्यातून निघालेल्या दगडाने भिंत उभी राहिली.

खडक फोडायची युक्तीही साधी. काळ्या बेसॉल्टमध्ये एका ओळीत छिद्रं पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या, आणि दगड ओळीवर चिरला जाईपर्यंत ठोकत राहायचं. लाकडी पाचर असेल तर तिला पाणी पाजायचं. लाकूड फुगतं आणि दगड उकलतो. सह्याद्रीतल्या कितीतरी गडांवर अशा छिद्रांच्या अर्धवट ओळी आजही दिसतात. कोणी तरी काम सुरू केलं आणि कोणत्या तरी कारणाने तिथेच थांबवलं, याची ही खूण.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात तर नियमच घालून दिलाय : आधी पाणी बघा, मग गड बांधा. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल, तर आधी खडक फोडून तळी-टाकी करा. बुरूज, दरवाजे, वाडे सगळं नंतर.

४. हे भोक आमचं नव्हे!

सुवेळा माचीवर कातळाला आरपार पडलेलं मोठं भगदाड आहे. त्याला नेढं म्हणतात. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "हे कोणी कोरलं?" कोणीच नाही. वारा, पाऊस आणि कातळातला कच्चा थर यांचं ते काम. राजगडावर पाथरवटाच्या नावावर खपवता येणार नाही अशी ही एक गोष्ट. बाकी श्रेय बिनधास्त द्या.

५. भिंतीच्या आत भिंत

पाथरवट-गवंड्यांची खरी करामत बघायची तर संजीवनी माचीवर जावं. तीन टप्प्यांत उतरत गेलेली ही माची. तिच्या बांधणीत दुहेरी तट आहे : बाहेर एक भिंत, आत दुसरी, आणि मधल्या अरुंद जागेत खाली उतरणाऱ्या पायऱ्या. शत्रूने बाहेरचा तट पाडलाच तर तो आत येऊन अडकतो आणि वरून मार खातो. बुरुजांनाही बाहेरून असंच चिलखत चढवलंय. म्हणून त्यांना चिलखती बुरूज म्हणतात.

गुंजवण्याच्या बाजूचा दरवाजाही एकटा नाही. एकामागोमाग एक अशी तीन प्रवेशद्वारं आहेत, बांधणीला साधी आणि अंगाने भक्कम. आजचे बहुतेक ट्रेकर गुंजवण्यातून चोर दरवाजाच्या वाटेने पद्मावती माचीवर चढतात, त्यामुळे गावाचं नाव लावणारा दरवाजा मात्र बऱ्याच जणांचा बघायचाच राहतो.

याच काळात, १६५३ मध्ये, न्यू ॲमस्टरडॅमच्या डचांनीही इंग्रजांच्या धास्तीने गावाच्या उत्तरेला तट घातला. तो लाकडी होता. अकरा वर्षांनी इंग्रज आले ते समुद्रातून, आणि गाव लढाईशिवाय हातचं गेलं. लाकडी तट कधीच नाहीसा झाला; मागे राहिलं वॉल स्ट्रीट हे नाव. राजगडाचा दगडी तट अजून जागेवर आहे.

६. चुन्याला बैल, बैलाला घाणा

जुना चुना म्हणजे पिशवी फोडली, पाणी ओतलं आणि झालं, असं काम नव्हतं. चुनखडी भट्टीत भाजायची, विझवायची, वाळूबरोबर गोल चरात घालायची आणि त्यावरून दगडी चाक फिरवायचं. चाक ओढायला बैल. हा चुन्याचा घाणा. जितकं जास्त मळाल तितकं घट्ट धरेल, हा जुन्या गवंड्यांचा हिशोब. गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी अशा गोष्टी चुन्यात घालायची रीत होती. आजही जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत हीच पाककृती वापरतात. राजगडाभोवतीच्या भोर-वेल्ह्याच्या रानात हिरडा भरपूर, शेजारच्या मावळाचं नावच हिरडस!

समुद्रातल्या गडांना मात्र नुसता चुना पुरेना. १६६४ मध्ये मालवणला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं, तेव्हा पायात शिसं ओतल्याची गोष्ट सांगतात.

७. आंब्याला हात लावाल तर...

सुताराला लाकूड हवं. मोठं, सरळ, टिकाऊ. पण कुऱ्हाड कुठे चालवायची याला मर्यादा होती. आज्ञापत्र सांगतं, आरमारासाठी सागवान वगैरे तोडायचं ते परवानगीने. आंबा, फणस यांना मात्र हात लावू नका. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडा. जबरदस्ती नाही.

तीनशे वर्षांपूर्वीचा हा वृक्षतोड कायदा. आणि त्यात नुकसानभरपाईसुद्धा!

८. रिकामं कोणी बसायचं नाही

छोट्या गडावर लोहाराला रोज काम कुठून असणार? तरीही आज्ञापत्राचा हुकूम आहे की गडाच्या मानाने लोहार, सुतार, पाथरवट, चांभार यांचे एक-दोन असामी गडावर ठेवावेतच. शिवाय झाडपाल्याचे वैद्य, शस्त्रवैद्य आणि जखमा बांधणारेही.

मग काम नसेल तेव्हा? त्यांच्याकडून गडाची इतर चाकरी घ्यावी, बसवून ठेवू नये. म्हणजे सकाळी भाता फुंकणारा लोहार संध्याकाळी तटावर पहाऱ्याला. वेढा पडला की पुन्हा आपापल्या कामावर.  कमी माणसांत जास्त कामं उरकायची ही अक्कल.

९. दारूला ऊन दाखवा

वेल्ह्याकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे पटेल. चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात. मग बंदुकीच्या दारूचं काय होत असेल? आज्ञापत्राचा उपाय असा : दारूखाना घरांपासून आणि सदरेपासून लांब असावा, जमिनीला गच्च असावा, दारूची मडकी माचावर ठेवावीत. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढावेत, ऊन द्यावं आणि परत मोहोर करून बंद करावेत.

आपल्याकडे पापडांना आणि गाद्यांना ऊन देतात, गडावर तोफेच्या दारूला देत.

१०. बारा माणसं, तीन कासा

आता गडावरून खाली गावात उतरू. गुंजण मावळाची देशमुखी शिळीमकरांकडे; गावोगावी पाटील-कुलकर्णी; आणि गावाचा गाडा ओढणारे बलुतेदार. मोल्सवर्थच्या कोशात त्यांच्या तीन पायऱ्या, म्हणजे कासा, दिल्यात. थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. गावागणिक यादी बदलायची. कुठे सोनार आत, कुठे बाहेर.

पायरी ठरायची ती शेतकऱ्याला कोणाची किती गरज पडते यावरून. सुतार नांगर-कुळव करणार, लोहार फाळ शेवटणार, मांग दोरखंड आणि सोल वळणार, महार गावाची वेस राखणार आणि हद्दीच्या तंट्यात साक्ष देणार. चांभार मोट शिवणार, कुंभार मडकी देणार, परीट लग्नात पायघड्या घालणार, गुरव पत्रावळी लावणार, कोळी पाणी भरणार. या व्यवस्थेचं बारीकसारीक वर्णन वाचायचं तर त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' उघडावं. १९१५चं पुस्तक, अजूनही वाचलं जातं.

यांच्याखेरीज अलुतेदार वेगळे : तेली, तांबोळी, साळी, शिंपी, माळी, गोंधळी, सनगर. सनगराची घोंगडी नसेल तर मावळातला पावसाळा काढणार कसा? घोंगडी आणि बांबू-पानांचं इरलं, हाच मावळ्याचा रेनकोट.

११. पगार खळ्यावर

बलुतेदाराला महिन्याचा पगार नव्हता. काम वर्षभर करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा. पेंढ्या, धान्य, वर सणावाराचा मान. पीक चांगलं तर चांगभलं, दुष्काळ पडला तर शेतकऱ्याबरोबर लोहारही उपाशी.

न्यू ॲमस्टरडॅममध्येही नाण्यांचा तुटवडाच. तिथे व्यवहार चालायचा शिंपल्यांच्या मण्यांच्या माळांत आणि बीव्हर या प्राण्याच्या कातड्यांत. पाववाल्याने पाव किती वजनाचा करायचा आणि किती भावाने विकायचा, याचे हुकूम निघत. १६५७ पासून तर गावात धंदा करायचा असेल तर आधी नागरिकत्वाचा हक्क घ्यावा लागे. आपल्याकडे हा हक्क वतनाने बापाकडून लेकाकडे यायचा. तो विकता यायचा, वाटून घेता यायचा, आणि त्यावरून भाऊबंदकीही रंगायची.

१२. खोटं नाणं ओळखणारा सोनार

सगळंच धान्यावर चालायचं नाही. सरकारी वसुली, घोडा, कापड, मीठ यांना नाणं लागे. आणि नाणी तरी किती प्रकारची! सोन्याचे होन, मोगली रुपये, आदिलशाही लारी. लारी म्हणजे वाकवलेल्या चांदीच्या तारेचा तुकडा, केसांचा आकडा वाटावा असा. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला आणि तांब्याची शिवराईही पडू लागली.

यातलं खरं कुठलं, खोटं कुठलं, कुठलं झिजलेलं? हे पारखायला सोनार लागे. वसुलीची नाणी पारखणारा तो पोतदार. सराफाचा कस लागल्याशिवाय सरकारात पैसा जमा होत नसे.

१३. सही येत नाही? औजार काढा!

वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाड्याचा कागद व्हायचा. त्याला महजर म्हणत. गावचे सगळे हजर, साक्षीला सगळ्यांची खूण हवी. लिहिता-वाचता येणारे मोजके. मग बाकीच्यांनी काय करायचं? आपापलं औजार काढायचं.

पाटलाच्या नावापुढे नांगर. सुताराच्या पुढे किंकरं. न्हाव्यापुढे आरसा. परटापुढे मोगरी. अंगठ्याच्या ठशाच्या कितीतरी आधी मराठी कागदांवर ही चित्रांची रांग दिसते. माणसाची ओळख म्हणजे त्याचं काम, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदाने मान्य केलं असेल? खंडेनवमीला औजारांची पूजा होते ती उगीच नव्हे.

१४. वस्तरा बाजूला, तलवार हातात

न्हाव्याचं काम फक्त हजामतीचं नव्हतं. लग्नाची बोलावणी, पाहुण्याचे पाय चेपणं, रात्री मशाल धरणं, सगळं त्याच्याकडे. पण दोन नावं परंपरेने याही पलीकडे नेली. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीत सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण त्याचीच. आणि १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून त्यांच्या वेशात पालखीत बसून शत्रूच्या हाती गेलेला शिवा काशीद. दोघेही न्हावी समाजाचे, असं परंपरा सांगते.

१५. लोखंड डोंगरातलंच

लोहाराला लोखंड कुठून मिळायचं? सगळं बाहेरून नाही. महाबळेश्वर-कोयनेच्या जांभ्या पठारांवर धावड नावाचे कारागीर राहत. जांभ्यातली लोहयुक्त दगडमाती गोळा करून, कोळशाच्या भट्टीत वितळवून ते लोखंड काढत. भाता, कोळसा आणि अंदाज, एवढंच भांडवल. पुढे इंग्रजी अमदानीत रानावर सरकारी बंधनं आली, कोळसा महागला, बाहेरचं स्वस्त लोखंड आलं आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. आडनावं आणि गावांची नावं मात्र उरली.

१६. घोडा एक, कारागीर तीन

मराठ्यांचं घोडदळ म्हटलं की भाले आणि धूळ डोळ्यांपुढे येते. पण घोडा पळायला तयार कोण करायचं? खुराला नाल ठोकणारा नालबंद. खोगीर, लगाम, म्यानं करणारा जिनगर. आणि तलवार-भाल्याला पाणी देऊन धार लावणारा शिकलगार. यांतला एक जरी आजारी पडला तर पागा लंगडी. जिनगरांचा हात तर इतका सफाईदार की पुढे चित्रं, मूर्ती, नाना कलाकुसरीत ते शिरले.

१७. वलंदेज आले, पण किती आत?

डचांना मराठीत वलंदेज म्हणत. १६३७ मध्ये आदिलशाहीच्या परवानगीने त्यांनी वेंगुर्ल्यात वखार घातली, आणि तिथून गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवली. वखारीची पडकी वास्तू वेंगुर्ल्यात अजून आहे.

या टोपीकरांना किती जवळ करायचं, यावर आज्ञापत्राची भूमिका रोखठोक आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे साधे सावकार नव्हेत, यांच्या मागे राजे आहेत. माल विकू द्या, येऊ-जाऊ द्या. वखारीला जागा शक्यतो देऊ नका. द्यावीच लागली तर समुद्रापासून आत, खोलगट जागी, गावाच्या नजरेखाली. पक्की इमारत तर नाहीच.

कसब मात्र परक्याचं असलं तरी चालायचं. १६५९च्या सुमारास स्वराज्याची पहिली लढाऊ जहाजं कल्याण-भिवंडीकडे बांधली जात होती, तेव्हा त्या कामावर रुई लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज होता, हाताखाली तीनशेवर माणसं. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे खपलं नाही. त्यांनी दटावून या मंडळींना काम सोडायला लावलं. कुशल कामगार पळवण्याचं राजकारण काही आजचं नाही.

१८. माणसाचा बाजार बंद

डच वसाहतींच्या कौतुकाला एक काळी बाजू आहे. केपमध्ये १६५७ ला नऊ जणांना कंपनीने चाकरीतून मोकळं करून शेतीला जमिनी दिल्या, पण पिकवलेलं विकायचं कंपनीला, कंपनीच्याच दराने. दुसऱ्या वर्षीच जहाजं भरून गुलाम आले. पुढे केपच्या घरांत, शेतांत आणि बांधकामांवर राबणाऱ्यांत बंगाल, कोरोमंडल आणि मलबारमधून नेलेले हिंदी लोकही होते. केपटाऊनच्या कित्येक जुन्या भिंतींना त्यांचे हात लागलेत.

आता हे वाचा. ऑगस्ट १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत असताना शिवाजी महाराजांनी डचांना व्यापाराचा कौल दिला. त्यात एक अट घातली : आधीच्या राजवटीत तुम्हाला इथे स्त्री-पुरुष गुलाम विकत घेण्याची मोकळीक होती, माझ्या मुलखात ती चालणार नाही. माझे लोक तुम्हाला अडवतील. जगभर गुलामांचा बाजार तेजीत असताना लिहिलेली ही अट आहे.

१९. गोड बोललो, आता कडूही

बलुत्याची व्यवस्था गावाला धरून ठेवायची, हे खरं. पण ती माणसाला जातीलाही जखडून ठेवायची. लोहाराच्या पोराला सोनार व्हायची सोय नव्हती. गडाच्या कामावर वेठबिगार होती, कारागिरांवर मोहतर्फा नावाचा कर होता. आणि सगळ्यात जास्त राबणाऱ्या महार-मांगांच्या वाट्याला सगळ्यात कमी मान. गावाबाहेरचं घर आणि वर अस्पृश्यता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात वतनदारी कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते महार वतनाच्या याच जाचाविरुद्ध. तुटपुंज्या वतनाच्या बदल्यात दिवसरात्र सरकारी कामाला बांधलेलं असणं म्हणजे गुलामीच, हा त्यांचा मुद्दा. ही कनिष्ठ ग्रामवतनं अखेर १९५८च्या कायद्याने रद्द झाली. बलुत्याच्या आठवणी काढताना हे विसरायचं नसतं.

२०. जागतिक वारसा, स्थानिक हात

११ जुलै २०२५ ला 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. राजगड त्यांतला एक. त्याआधी २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याला राजगडाचं नाव द्यायचं राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं. गडाचा मान वाढला, वर्दळ वाढली.

गुंजवण्यातही धंदे बदलले. ट्रेकरला पिठलं-भाकरी करून घालणारी, रात्री अंगणात झोपायला जागा देणारी, वाट दाखवायला बरोबर येणारी माणसं हे आजचे इथले कसबी लोक. यांना खळ्यावर धान्य मिळत नाही. तुमच्या खिशातून जे निघेल त्यावर यांचं चालतं.

तेव्हा पुढच्या खेपेला राजगडी जाल, तर तीन गोष्टी करा. घाई न करता एकदा तटाच्या दगडावर बोट फिरवा. छिन्नीचे टवके लागतील. जेवण गुंजवण्यातल्या घरात घ्या आणि घासाघीस करू नका. आणि खिशातल्या किल्लीने दगडावर स्वतःचं नाव कोरण्याचा मोह आवरा. ज्यांनी हा गड घडवला त्यांनीसुद्धा त्यावर आपलं नाव कोरलं नाही.